कथा राहील

“प्रणिता, एक कथा आपोआप झाकली गेलीय. बघ जरा,” सौमित्र चहाचा कप माझ्या टेबलावर ठेवत म्हणाला. “सकाळपासून तक्रारी थांबायलाच तयार नाहीत.”

“कुणाची कथा?”

“‘शेजारी’ या नावाने कुणीतरी लिहिलीय. पहिलीच आहे त्याची. ‘जिवंतपणीचं तेरावं’.”

मी तेव्हा नाशिकला ‘मोकळं पान’ नावाच्या संकेतस्थळावर काम करत होते. कुणीही मराठीत कथा, कविता, अनुभव लिहावेत आणि लोकांनी ते मोबाइलवर वाचावेत, असा तो उद्योग. सौमित्रने तो सुरू केला होता. मिठाईच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि आम्ही मोजकी माणसं. माझ्याकडे तक्रारींचं काम होतं. एखाद्या लेखनावर फार तक्रारी आल्या की यंत्रणा ते झाकून टाकायची. मग मी ते वाचायचं आणि ठरवायचं, पुन्हा दाखवायचं की कायमचं काढायचं. एरवीच्या तक्रारी साध्या असायच्या. कुणी दुसऱ्याची कविता आपल्या नावावर खपवलेली असे, कुणी भांडणात आईबहिणीवर गेलेला असे. त्यात डोकं फार लागत नसे.

मी चहा बाजूला ठेवून वाचायला घेतलं.

गोष्ट छोटीच होती. एका गावातली मुलगी जातीबाहेरच्या मुलाशी लग्न करून निघून जाते. जातीचे पंच बसतात. ती मेली असं ठरवतात. तिच्या आईबापांना तिचं तेरावं घालायला लावतात, अख्ख्या जातीला जेवण द्यायला लावतात. बाप मुंडण करतो. पंगती बसतात. आणि त्याच दुपारी ती मुलगी कुणाला न सांगता गावात येते आणि मांडवाच्या पडद्यामागे उभी राहून स्वतःच्या तेराव्याचं जेवण उठताना बघते. एक माणूस तिला बघतो. तो ओरडत नाही, कुणाला बोलावत नाही. तांब्याभर पाणी तिच्या हातात देतो, ती पिऊन होईपर्यंत आडोसा करून उभा राहतो आणि ती निघून जाते. गोष्ट संपते.

मुलीचं नाव इंदू होतं.

मी खुर्चीत ताठ बसले. जातीचं नाव कथेत कुठेच नव्हतं, गावाचंही नव्हतं. पण पंच मधोमध काठी आडवी ठेवतात आणि ती उचलेपर्यंत कुणी उठायचं नाही, ही रीत आमचीच. आणि इंदू आमच्या गल्लीतली. मी सहावीत असताना ती वारली असं मला सांगितलं होतं. तिच्या तेराव्याचे लाडू मी खाल्ले होते.

“काय झालं?” सौमित्रने विचारलं.

“हे आमच्या जातीतलं आहे.”

“अरे बाप रे. मग तू राहू दे. मी बघतो.”

“तू बघ, पण मीही बघणार. मला ह्यातलं कळतं, तुला नाही कळणार.”

त्याने मान डोलावली.

तक्रारी मी एकेक करून उघडल्या. शेकडो होत्या आणि जवळपास सगळ्यांचा मजकूर एकच होता, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. ‘ह्या कथेमुळे आमच्या समाजाची बदणामी होत आहे, ती त्वरीत काढावी.’ कुणीतरी व्हॉट्सअॅपवर तो पाठवला होता आणि सगळ्यांनी तो तसाच चिकटवला होता. दुपारपर्यंत एका वकिलाचा ईमेलही आला. समाजाच्या वतीने. कथा काढा, माफी मागा, लेखकाचं खरं नाव कळवा, नाहीतर कोर्टात भेटू.

सौमित्र तो ईमेल दोनदा वाचून माझ्यासमोर येऊन बसला.

“काढून टाकूया का? एकच तर कथा आहे. लेखक नवा आहे, त्याला कुणी ओळखतही नाही. आपल्याकडे वकील ठेवायची ऐपत नाही, प्रणिता.”

“कुठल्या नियमाने काढायची?”

“नियमाने नाही. शहाणपणाने.”

“नियमात काय काय आहे? धमकी नको. शिवीगाळ नको. कुणाबद्दल द्वेष पसरवायचा नाही. अश्लील काही नको. दुसऱ्याची खासगी माहिती टाकायची नाही. ह्यातलं काय आहे कथेत?”

“समाजाची बदनामी म्हणतायत ते.”

“कुठल्या समाजाची? नावच नाही घेतलेलं. त्यांचं त्यांनीच ओळखलं ना?”

तो हसला, पण लगेच गंभीर झाला. “तुला त्रास होईल. तुझ्या घरच्यांना होईल.”

“होईल.”

“लेखकाचा नंबर आपल्याकडे नोंदलेला आहे. निदान कोण आहे ते बघून घेऊ का?”

“नको,” मी म्हणाले. “आपण बघितलं की आपल्याला माहीत झालं. मग कुणी विचारलं तर खोटं तरी बोलावं लागेल नाहीतर सांगावं तरी लागेल. कोर्टाने हुकूम दिला तर तेव्हा बघू. तोपर्यंत तूही उघडायचा नाही, मीही नाही.”

त्याने वकिलाचा ईमेल बंद केला. मग म्हणाला, “ठीक आहे. आपला तो नियमच करूया.”

पण त्या सगळ्या एकसारख्या तक्रारींत एक वेगळी होती. दोनच ओळींची. ‘कथेतलं नाव खरं आहे. माझा मुलगा आता शाळेत जातो. नाव काढा.’ खाली मोबाइल नंबर होता.

मी फोन लावला. पलीकडून गुजराती गाण्याचा आवाज येत होता, तो कुणीतरी बंद केला.

“मी ‘मोकळं पान’मधून बोलतेय. तुम्ही कथेबद्दल लिहिलं होतंत.”

“हो.” आवाज सावध होता. “मीच ती.”

जिच्या तेराव्याला मी जेवले होते, ती बाई माझ्याशी फोनवर बोलत होती. तीच पुढे म्हणाली.

“आम्ही वापीला असतो. इथे कुणाला काही माहीत नाही. मोठी माणसं वाचतील, विसरतील. पण मुलांच्या तोंडी गेलं की संपलं. तेवढं नाव काढा.”

“काढायला लावते. आणि कथा? तीही काढावी असं वाटतं का तुम्हाला?”

“ती कशाला काढायची?” ती पटकन म्हणाली. “खरी आहे ती. मला वाटलं होतं, त्या दिवशी मी तिथे होते हे जगात दोघांनाच माहीत आहे. ज्याने पाणी दिलं त्याला आणि मला. म्हणजे त्यानेच लिहिलंय.”

“तुम्ही ओळखलंत त्यांना?”

“ओळखलं. पण सांगणार नाही. तुम्हीही शोधू नका.”

“नाही शोधणार. मी तुमच्याच गल्लीतली आहे, इंदूताई.”

“कुणाची गं तू?”

“कारभारी मंडपवाल्यांची. प्रणिता.”

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

“अण्णा बरे आहेत का?” तिने विचारलं.

“बरे आहेत.”

“बरं. काळजी घ्या म्हणावं.” आणि तिने फोन ठेवला.

मी ‘शेजारी’ला संकेतस्थळावरून निरोप पाठवला. कथेतलं मुलीचं नाव खऱ्या व्यक्तीचं आहे, तिची हरकत आहे, नाव बदलल्याशिवाय कथा पुन्हा दिसणार नाही. तासाभरात उत्तर आलं. ‘चूक झाली. नाव काढलं. नुसतं ‘ती’ केलं आहे. तिला माझी माफी सांगा. बाकी एक शब्दही बदलणार नाही.’

मी कथा पुन्हा उघडी केली. खाली लिहिलं, ‘तक्रारी तपासल्या. कथा राहील.’ वकिलाला सौमित्रने तेच चार ओळींत कळवलं.

त्या शनिवारी मी गावी गेले. तसं माझं दर पंधरवड्याला जाणं असायचंच, पण ह्यावेळी आईचा फोन आला होता. म्हणाली, “तू ये. तुषार खवळलाय.” तुषार माझा धाकटा भाऊ. त्याचं लग्न ठरलं होतं, जातीतल्याच पूनमशी, पुढच्याच महिन्यात. साखरपुडा झाला होता, कपडे झाले होते.

अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, मंडप-डेकोरेशनचं काम. घराला लागूनच त्यांचं गोदाम होतं, बांबू, लोखंडी पाइप, सतरंज्या, रंगीत कापडाचे गठ्ठे. मी गेले तेव्हा अण्णा एकटेच कापडाच्या घड्या घालत होते. संध्याकाळ होत आली होती. मी पिशवी ठेवून कापडाचं दुसरं टोक धरलं. लहानपणापासून आम्ही तसंच करायचो. दोन टोकं दोघांनी धरायची, जवळ यायचं, लांब जायचं.

“रंगनाथबाबा आले होते,” अण्णा म्हणाले. रंगनाथबाबा म्हणजे आमचे मुख्य पंच. “चार माणसं घेऊन. ती जी काय गोष्ट आलीय तुमच्याकडे, ती काढायला सांग म्हणाले.”

“आणि?”

“मी म्हटलं, पोरीला विचारतो. उद्या सकाळी समाजमंदिरात बसणार आहेत. तुषारचं लग्न आहे, हे त्यांनीच आठवण करून दिलं.”

मी कापड हातात धरून उभी राहिले. तेवढ्यात तुषार आत आला. त्याने बहुतेक बाहेरून ऐकलं होतं.

“ताई, एक बटण दाबायचंय तुला. एक. पूनमच्या वडिलांचा दोनदा फोन आला. लोक काय पैसे मागतायत का आपल्याकडे?”

“तुषार, ती कथा खोटी नाही.”

“खरी असू दे! आपण लिहिलीय का? ज्याने लिहिली तो बसलाय कुठेतरी नाव लपवून. मरायचं आपण?”

त्याचं चूक नव्हतं. अण्णा कापडाची कडा सारखी करत होते.

“अण्णा, तुम्ही सांगा ना हिला,” तुषार म्हणाला.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. “काय करशील?”

“नाही काढणार, अण्णा. आज पंच म्हणाले म्हणून काढली, तर उद्या आमदार म्हणाला म्हणून दुसरी काढावी लागेल. मग लिहिणाऱ्याने आमच्याकडे यायचं कशाला? तपासून बघितलंय मी. एक गोष्ट खटकली, ती बदलून घेतली. बाकी राहील.”

“मी सांगितलं तरी?”

“तुम्ही सांगितलं तरी.”

आजवर मी अण्णांना असं तोंडावर कधी नाही म्हटलं नव्हतं. तुषार दार आपटून निघून गेला. अण्णांनी घडी घातलेलं कापड गठ्ठ्यावर ठेवलं, त्यावरून दोनदा हात फिरवला.

“बरं,” ते म्हणाले. “आत जा. आईने पिठलं केलंय, जेवून घे.”

त्यांना फार लागलं, असं मला वाटलं.

सकाळी समाजमंदिरात पुरुष आत बसले. आमच्यात बायका पंचांसमोर बसत नाहीत, म्हणून मी दारात उभी राहिले. आईही आली. शेजारपाजारच्या चारपाच जणी आल्या. मधोमध काठी आडवी ठेवलेली होती. तिच्यापलीकडे रंगनाथबाबा. वय झालेला, आवाज न चढवणारा माणूस. गावात त्यांचं किराणा दुकान होतं आणि लहानपणी मी गेले की ते माझ्या हातावर खडीसाखर ठेवायचे.

“कारभारी,” ते म्हणाले, “पोरीला विचारलं का?”

अण्णा उभे राहिले. “विचारलं.”

“काय म्हणते?”

“नाही म्हणते.”

माणसांत कुजबुज झाली. रंगनाथबाबांनी दाराकडे बघितलं.

“बाळ, रागावू नको. गोष्ट काढायची नसेल तर निदान लिहिणाऱ्याचं नाव सांग. त्याचं आम्ही त्याच्याशी बघू. तुझ्या बापाला, भावाला ह्यात कशाला ओढायचं?”

“मला नाव माहीत नाही, बाबा,” मी दारातूनच म्हणाले. “आम्ही ते बघितलंच नाही. आणि माहीत असतं तरी दिलं नसतं.”

“शिकून शहाणी झाली!” मागून कुणीतरी ओरडलं. दुसऱ्याने बायांना बोलू कोण देतं म्हणून विचारलं. पूनमचे वडील पहिल्या रांगेत होते. ते खाली बघत होते. रंगनाथबाबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

“मग पंचांचा इलाज नाही. आजपासून कारभारीच्या घरी कुणी—”

“थांबा, बाबा,” अण्णा म्हणाले. “पोरीला माहीत नाही. मला माहीत आहे.”

माणसं वळून अण्णांकडे बघायला लागली. मला धक्काच बसला. अण्णा कुणाचं नाव घेणार? कुणाचं घर आता उठणार? मी पुढे होऊन “अण्णा, नका,” असं म्हणणार होते, तेवढ्यात ते म्हणाले,

“मी लिहिलंय ते.”

मला आधी नीट कळलंच नाही. आईने माझा हात धरला. तिच्या तोंडाकडे बघून मला उमगलं की तिला हे आधीपासून ठाऊक होतं.

“तेराव्याचा मांडव माझा होता,” अण्णा म्हणाले. ते सावकाश बोलत होते, मांडव घालायला मापं घेतात तसं. “कनात मी बांधली होती. मागच्या बाजूने कनात हलली म्हणून मी बघायला गेलो, कुत्रं असेल म्हणून. ती उभी होती. घशाला कोरड पडली होती तिच्या. मी पाणी दिलं. आत तिचा बाप डोकं भादरून बसला होता आणि बाहेर पोरगी पाणी पीत होती. मी आत येऊन तुमच्याच पंगतीत बसलो. जेवलो. एवढी वर्षं झाली. कुणाला तरी सांगायचं होतं. सांगितलं.”

रंगनाथबाबा त्यांच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “कारभारी, झालं ते झालं. माणसाकडून होतं. गोष्ट तुझीच ना? मग पोरीची गरजच नाही. तुझी तू काढ. आत्ता, इथे, सगळ्यांसमोर. विषय संपला. लग्न ठरल्या तारखेला होईल, मी स्वतः अक्षता टाकायला येईन.”

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. लेखकाला आपलं लेखन कधीही काढता येतं. अण्णांनी ते काढलं असतं तर मी काहीच करू शकले नसते, आणि मला करायचाही हक्क नव्हता.

अण्णांनी सदऱ्याच्या खिशातून मोबाइल काढला. चष्मा लावला. पूनमचे वडील पहिल्यांदा मान वर करून बघायला लागले. तुषार भिंतीला टेकून उभा होता. तो पुटपुटला, “अण्णा, प्लीज.” अण्णांनी ते ऐकलं. त्यांनी तुषारकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा असा काही झाला, की मला वाटलं, काढणार.

“तुषार,” ते म्हणाले, “लेकरा, तुझं नुकसान होतंय. ते माझ्यावर आहे. पण तुझ्या मांडवात मागची कनात हलली, तर मी काय करू?”

त्यांनी मोबाइल परत खिशात ठेवला.

“नाही काढत, बाबा.”

मग जे व्हायचं ते झालं. बहिष्कार जाहीर झाला. कारभारीच्या घरी कुणी जायचं नाही, त्याला बोलवायचं नाही, त्याचा मांडव कुणी घ्यायचा नाही. रंगनाथबाबांनी काठी उचलली. माणसं उठली आणि आमच्या बाजूने अशी गेली, जणू आम्ही तिथे नव्हतोच. पूनमचे वडील जाताना थबकले, अण्णांच्या खांद्याकडे हात नेला आणि तो तसाच मागे घेऊन निघून गेले.

आई तुषारच्या मागे गेली. मी आणि अण्णा रस्त्याला लागलो.

“मला का नाही सांगितलंत?” मी शेवटी विचारलं.

“सांगितलं असतं तर?”

“मी... मी तरीही ठेवलीच असती.”

“ठेवली असतीस. पण बापाची म्हणून ठेवली असतीस.” ते चालत राहिले. “लिहिलं तेव्हा मला वाटलं, हे लिहिण्यासारखं आहे की म्हाताऱ्याच्या मनाचा नुसता भार आहे, कोण सांगणार? ज्याला माझी ओळख नाही, त्यानेच सांगायला पाहिजे. तू काल मला नाही म्हणालीस ना, तेव्हा मला कळलं.”

मला रस्त्यातच रडू आलं. अण्णा थांबले, इकडेतिकडे बघितलं आणि त्यांना अवघडल्यासारखं झालं. “चल, रडायचं नंतर. पोलिसांत जायचंय ना?”

सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा तेव्हा नुकताच लागू झाला होता. ठाण्यातल्या जमादारांना त्याची नीट माहिती नव्हती. ‘आपसात मिटवा’ म्हणून त्यांनी आम्हाला बाकावर बसवून ठेवलं. मी मोबाइलवर कायदा काढून त्यांच्यासमोर धरला. अण्णा मात्र उठायला तयार नव्हते. “मी मांडववाला आहे, साहेब,” ते म्हणाले. “उन्हात उभं राहायची सवय आहे मला. बसायला तर तुम्ही बाक दिलाय.” दुपार कलल्यावर तक्रार नोंदवली गेली.

पुढचं सगळं सोपं गेलं असं मी सांगणार नाही. तुषारचं लग्न मोडलं. पूनमने स्वतः फोन करून त्याला सांगितलं आणि ती रडली, पण नाही ते नाहीच. तुषार नाशिकला माझ्याकडे राहायला आला, तिथल्या एका कंपनीत नोकरीला लागला आणि अण्णांशी वर्षभर बोलला नाही. जातीतली मांडवाची कामं गेली, म्हणजे निम्म्याहून जास्त धंदा गेला. अण्णा शाळांच्या स्नेहसंमेलनांचे आणि गणपतीचे मांडव घालायला लागले. आमच्या ऑफिसात वकिलाच्या दोन नोटिसा आणखी आल्या. सौमित्रने त्या दोन्हींना मुद्देसूद उत्तरं दिली आणि पुढे कोर्टात कुणी गेलंच नाही. खटला मात्र पंचांवर चालला. शेवटी त्यांनी बहिष्कार मागे घेतला आणि पुन्हा कुणावर घालणार नाही असं कोर्टात लिहून दिलं. तोपर्यंत तुषारने कंपनीतल्या एका मुलीशी लग्न ठरवलं होतं. ती बातमी सांगायला त्याने आधी अण्णांना फोन केला, मला नंतर.

त्यानंतर एका दुपारी इंदूताई गावात आली. गाडीतून उतरली, सोबत नवरा आणि मुलगा. आमच्या घरी चहा घेतला आणि मग समोरच्या आपल्या माहेरच्या दारात जाऊन उभी राहिली. तिची आई बाहेर आली. दोघी बाहेरच्या पायरीवर बसून राहिल्या. वडील आतून आले नाहीत. इंदूताई निघेपर्यंत आले नाहीत.

अण्णा लिहीत राहिले, आता स्वतःच्या नावाने. आणि तिथेच आमचं पहिलं भांडण झालं. त्यांची दुसरी गोष्ट पंचांच्या दंडाबद्दल होती. त्यात एक वाक्य होतं, की दंडाची रक्कम समाजाकडे न जाता रंगनाथबाबांच्या दुकानात गेली. रंगनाथबाबांचं पूर्ण नाव होतं. त्यांच्याकडून तक्रार आली आणि ह्यावेळी तक्रार बरोबर होती. मी ते वाक्य झाकलं.

“मी खोटं लिहीन का?” अण्णा फोनवर कडाडले. “तू मला ओळखतेस ना?”

“ओळखते म्हणूनच चालत नाही, अण्णा. सिद्ध करा नाहीतर नाव काढा.”

“त्यांच्या बाजूने झालीस?”

“रीतीच्या बाजूने.”

दुसऱ्या दिवशी सौमित्रकडे अण्णांचा अर्ज आला. ‘आपल्या तक्रार विभागातील बाईंच्या निर्णयाविरुद्ध दाद मागत आहे.’ सौमित्रने तो सगळ्या ऑफिसला वाचून दाखवला आणि माझा निर्णय कायम केला. अण्णांनी वाक्य बदललं नाही. गोष्टच मागे घेतली आणि महिनाभर घरोघर हिंडले. जी घरं त्यांना दारात उभं करत नव्हती, त्या घरीही गेले.

मग गोष्ट परत आली. वाक्य तेच होतं. पण आता तिला तीन माणसांची संमती जोडलेली होती, नावानिशी: दंड आम्ही भरला, दुकानात भरला, आणि हे छापायला आमची हरकत नाही. तिसरी सही इंदूताईच्या वडिलांची होती.

मी तिघांनाही फोन लावून खात्री केली. इंदूताईच्या वडिलांनी फक्त एवढंच विचारलं, “वापीला दिसेल ना हे?”

“दिसेल,” मी म्हणाले, आणि गोष्ट उघडी केली.